आमच्या चर्चचं राहिलेलं छत

चर्चच्या पायाची आखणी करताना मी दार पूर्वेला घेतलं आणि वेदी पश्चिमेला. एवढीच चूक. चुन्याची फक्की मुठीत घेऊन जमिनीवर पांढऱ्या रेघा मारायला मला तासभर लागला असेल. त्या तासाभरानं पुढं माझं लग्न, माझ्या बापाची कंबर आणि एका भल्या धर्मगुरूचा शांत स्वभाव अशा तिन्हींची कसोटी घेतली. 'चूक' असं मी आज म्हणतो. त्या दिवशी कुणी हटकलं असतं तर छाती पुढं काढून उलट विचारलं असतं, की बाबा रे, देवळाचं तोंड उगवतीला नसेल तर कुठं असतं? गावातल्या महादेवाचं दार उगवतीला, शेटजींच्या आडत दुकानाचं दार उगवतीला, आमच्या दोन खणांच्या घराचंसुद्धा उगवतीला. मग येशूनं काय पाप केलं होतं? मी नुकताच लातूरहून आरेखकाचा कोर्स पास होऊन आलो होतो. खिशाला दोन पेन्सिली, बगलेत नकाशाची गुंडाळी. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण असतो आणि आखणीआधी तो बघायचा असतो, हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. उत्तर मी बरोबर लिहिलं होतं.

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडं, मांजरा नदीपासून बऱ्यापैकी आत. कॅथलिकांची घरं चाळीसेक, सगळी एका आळीत, आणि आळीच्या टोकाला पत्र्याची एक लांब खोली. तीच शाळा, तिथंच रविवारची प्रार्थना म्हणजे मिस्सा, पावसाळ्यात तिथंच कडबा. बाबा गवंडी होते. लाजर मिस्त्री म्हटलं की उदगीरपर्यंत ओळखायचे. त्यांनी विहिरी बांधल्या, मशिदीची कमान बांधली, महादेवाचा सभामंडप दुरुस्त केला. फक्त चर्च तेवढं बांधलं नव्हतं, कारण बांधायला कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी मला जाग यायची ती त्यांच्या छन्नीच्या आवाजानं. न्याहारीआधी दगडाच्या चार कडा काढल्याशिवाय त्यांना भाकरी गोड लागत नसे. माय तव्यावर भाकरी टाकायची, शेजारी येसराची आमटी रटरटत असायची, आणि त्या टिकटिक-रटरटीत ती एकटीच बोलायची. त्या वर्षी ती रोज एकच बोलायची, "औंदा आभाळानं दगा दिला." मृगानं दिला, आर्द्रेनं दिला, हस्तानंही दिला. दिवाळीला जोंधळा गुडघ्याएवढाच होता आणि तिथंच वाळला.

त्यातच फादर अल्फोन्स यांना चर्च बांधायची परवानगी मिळाली. ते मूळचे वसईचे. पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे आणि सायकलवरून पडायचे. पायाचं काम दुष्काळात काढलं तर आळीतल्याच नव्हे, गावातल्या कुणाच्याही हाताला काम मिळेल, हा त्यांचा हिशेब. नकाशा त्यांनीच काढला होता: लांबट सभागृह, एका टोकाला अर्धगोल भिंत, तिच्यात वेदी. खिडक्या साध्या. कळस नाही, मनोरा नाही. नकाशा बघून आळी नाराज झाली. आमच्या घरी परदेशातल्या एका चर्चचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर होतं, सुईसारखा मनोरा आणि भाल्यासारख्या टोकदार खिडक्यांचं. चर्च म्हणजे तसं, असं आम्हाला वाटायचं. सगळ्यांत जास्त मलाच वाटायचं. मी तीन वेळा नव्यानं नकाशा काढून मनोरा बसवला आणि फादरांनी तीन वेळा तो खोडरबरानं पुसला. "सायमन," ते म्हणाले, "आमच्या वसईला चर्चं एवढी उंच आहेत, की आत माणूस मुंगीएवढा दिसतो. मी त्या मुंग्यांतलाच. इथं मला माणसं माणसांएवढी दिसू देत." लहानपणापासून मोठ्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाला हे बोलणं परवडतं, असं मी मनात म्हणालो. पत्र्याखाली बसणाऱ्याला मनोराच पाहिजे असतो.

तर फादर आठ-दहा दिवस औरंगाबादला गेले आणि माझ्या हातात फक्की आली. परत आले तेव्हा पाया खणून झाला होता. पश्चिमेचा अर्धगोल तर बाबांनी असा सुरेख काढला होता, की चर बघायला बाया लेकरं घेऊन यायच्या. फादर सायकलवरून उतरले, एकदा चराकडं बघितलं, एकदा सूर्याकडं.

"सायमन, सूर्य कुठून उगवतो?"

"पूर्वेकडून, फादर."

"वेदीकडं तोंड करून तुम्ही कुठं बघणार?"

मी बोट उचललं आणि ते मावळतीकडं गेलेलं बघून खाली घेतलं.

"म्हणजे दर रविवारी सकाळी सगळी माणसं उगवत्या सूर्याला पाठ करून बसणार."

बाबा मध्ये पडले. "फादर, उन्हाकडं पाठ केलेलीच बरी. आमच्या हिकडं शाना माणूस ऊन तोंडावर घेत न्हाई."

फादर हसले, पण ऐकलं नाही. त्यांनी तुराटी उचलली आणि मातीत रेघा ओढू लागले. सुरुवातीची दोन-तीनशे वर्षं चर्च असं नव्हतंच म्हणाले. कुणाच्या तरी घरात जमायचं, भाकर मोडायची, प्रार्थना करायची. मग रोमचा बादशहाच या धर्माच्या बाजूचा झाला आणि माणसं घरात मावेनात. रोमच्या जुन्या देवळांचा नमुना घ्यायचा तर त्यांत देव आत आणि गर्दी बाहेर. म्हणून कचेरीचा नमुना घेतला: लांब दालन, दोन्ही बाजूंना खांब, टोकाला अर्धगोल. तिथं न्यायाधीश बसायचा, तिथं वेदी आली.

"म्हंजी तहसील," बाबा म्हणाले.

"हो मिस्त्री, तहसीलच."

पुढं त्या दालनाला दोन हात फुटले आणि नकाशाचा क्रूस झाला. मग टोकदार कमानी आल्या, भिंती उंच गेल्या, रंगीत काचा आल्या, कारण ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना काचेतली चित्रं हेच पुस्तक. वसईला पोर्तुगिजांनी पुढून राजवाडा आणि मागून कोठार अशी चर्चं बांधली. आणि अलीकडं रोमला मोठी धर्मसभा भरली, तिच्यानंतर वेदी भिंतीपासून सोडवून पुढं आणली, धर्मगुरू लोकांकडं तोंड करून उभा राहिला. हे सगळं बदललं, फादर म्हणाले, पण वेदी उगवतीला ही रीत जुनी. प्रभू पुन्हा येणार तो उगवतीकडून. मधल्या दालनाला तारू म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. उलटं ठेवलेलं जहाज जणू. हे मी घरी सांगितलं तेव्हा मायनं कपाळाला हात लावला. "गावात घागर बुडंना आन् हे तारू बांधून राहिले."

तर अर्धगोल पुन्हा, पूर्वेला. पश्चिमेचा चर दगडगोट्यांनी बुजवायचा, दाराचा पाया नव्यानं भरायचा. महिन्याभराचं काम वाढलं. त्यातही वेळ अशी, की लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. तिकडं कचेऱ्या, क्वार्टर्स, दवाखाने, जिकडं बघावं तिकडं बांधकामं. आमच्या भागातला ज्याला ज्याला थापी धरता येत होती, तो तो लातूरला पळाला. बाबांच्या हाताखालचे सहा गवंडी एका आठवड्यात गेले. शेवटचा गेला तो बाबांचा सख्खा भाचा, आणि जाताना मला म्हणाला, "दादा, तिकडं नकाशा काढणारा इंजिनेर बी येगळा असतो, आन् त्याला दिशा कळत्यात." उरले बाबा आणि दोन म्हातारे. पुढचे तीन महिने बाबा रोज संध्याकाळी जमिनीवर पालथे पडायचे आणि माय त्यांच्या कमरेवर गरम विटेचा शेक द्यायची. मला कुणी काही बोलत नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं. माय नुसती वीट फिरवायची आणि मधून मधून माझ्याकडं बघायची.

या सगळ्यात माझं लग्न ठरलेलं होतं. मुलगी भोकरची, नाव मार्था. एकदाच बघितली होती; चहा देताना तिनं मला विचारलं होतं, "साखर कमी हाय का?" आणि साखर नव्हतीच, तरी मी "न्हाई, बरोबर हाय" म्हणालो होतो. तिचे वडील याकोब मास्तर, शाळेत शिक्षक, कडक माणूस. त्यांची एकच अट होती. थोरल्या मुलीचं लग्न त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये लावलं होतं, तेव्हा भोकरमधले लोक म्हणाले होते, "मास्तर, तुमचा देव पत्र्यात ऱ्हातो काय?" ते त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं. "धाकटीचं लगीन खऱ्या चर्चमधी," त्यांनी मला सांगितलं. "भिंती पाहिजेत आन् छत पाहिजे. तुम्ही बांधूनच राहिले म्हणता, तर मग तिथंच लावू." तारीख ईस्टरनंतरची. उपवासकाळात लग्नं होत नाहीत. आणि त्यापुढं ढकलायची सोय नव्हती, कारण मार्थानं नांदेडला नर्सिंगसाठी अर्ज केला होता. पावसाळ्यापर्यंत लग्न झालं नाही तर ती नर्सिंगला जाणार, आणि मग तीन वर्षं लग्नाचं नाव नाही. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा आतल्या खोलीतून भांडं वाजलं होतं. ते होकाराचं की नकाराचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी फादर हातात एक जाडजूड पुस्तक घेऊन बांधकामावर आले. भिंती खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. ते म्हणाले, "सायमन, मला तुझी माफी मागायची आहे." रोममधली जी सगळ्यांत जुनी मोठी चर्चं, त्यांतल्या कितीतरींचं दार पूर्वेला आणि वेदी पश्चिमेला आहे म्हणे. धर्मगुरू वेदीमागं उभा राहून लोकांकडं बघायचा आणि लोकांच्या डोक्यावरून उघड्या दारातून उगवता सूर्यही बघायचा. वेदी पूर्वेला ही रीत नंतर रूढ झाली. "तुझी चूक सोळाशे वर्षं जुनी आहे," ते म्हणाले. "आपण आज जशी मिस्सा करतो, तिला तुझाच नकाशा जास्त शोभला असता."

मी बाबांकडं बघितलं. बाबांनी ओळंबा सोडला, भिंत सरळ आहे का बघितली आणि म्हणाले, "पुस्तक जरा आधी वाचायचं व्हतं, फादर."

मला रडू यायचं बाकी होतं. चूक केली तेव्हा मान खाली घालावी, आणि ती चूक नव्हतीच हे कळावं तेव्हा सगळा बदल दगडात पक्का झालेला असावा! आज नातवंडं मला विचारतात, आजोबा, तुम्ही फादरांवर चिडला नाही? चिडलो ना. पण माफी मागून गेलेल्या माणसावर चिडायला जागा कुठं उरते? मी त्या दिवशी जेवलो नाही, एवढंच केलं. मायनं माझ्या वाटणीची भाकर कुत्र्याला घातली, म्हणजे माझा राग कुत्र्याच्या कामी आला.

कसंबसं करून फाल्गुनात भिंती वर गेल्या. खिडक्यांच्या कमानी बाबांनी एकट्यानं बसवल्या, गोल, साध्या, माथ्यावरचा कळीचा दगड बोटभर पुढं काढून. तेवढीच त्यांची हौस. राहिली फक्त स्लॅब. सिमेंट आलं, सळया आल्या, स्लॅबला खालून आधार देणाऱ्या सेंटरिंगच्या फळ्यांसाठी उदगीरला माणूस ठरला. स्लॅब पडली की पंधरा-वीस दिवस तिच्यावर मातीचे वाफे करून पाणी उभं ठेवायचं, नाहीतर ती तडकते. पाण्याची मला काळजी नव्हती. बांधकामासाठी फादरांनी आवारात बोअर घेतलं होतं, त्यावर हापसा होता, आणि त्याला पाणी होतं. आमच्या गावात त्या महिन्यात पाणी असलेली तेवढीच एक जागा होती, हे मात्र मला नीट उमजलं नव्हतं. आधी आळीतल्या चार बाया यायच्या. मग महादेवाच्या देवळाजवळची विहीर आटली आणि लिंगायतांच्या बाया आल्या. मग बौद्धवाड्यातल्या आल्या, मग तांड्यावरच्या. पहाटेपासून हापशाची किरकिर सुरू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत. दुपारी पाणी खाली जायचं, हापसा नुसता वारा ओढायचा, आणि बाया घागरीवर बसून ते वर यायची वाट बघायच्या; दर आठवड्याला ते आधीपेक्षा कमीच वर यायचं.

फळ्या सांगायच्या आदल्या दिवशी फादरांनी मला बोलावलं. "स्लॅब आता नको."

"फादर, मग कवा?"

"पाऊस पडल्यावर."

"ईस्टरनंतर माझं लगीन हाय. छत न्हाई तर लगीन न्हाई. तुम्हाला ठावं हाय."

"ठाऊक आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझंच म्हणणं बरोबर असेल. मी एकदा चुकलोय, पुन्हा चुकत असेन. म्हणून तूच ठरव. उद्या सकाळी हापशावर जा आणि रांगेतल्या बायांना सांग, की तीन आठवडे येऊ नका, आमच्या छताला तहान लागली आहे. सांगितलंस तर मी स्वतः फळ्या आणायला जातो."

मी रात्रभर वाक्यं जुळवली. गावाच्या भल्याचं, देवाच्या घराचं, थोड्या दिवसांचं, शिरूरहून टँकर मागवण्याचं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, खिशाला पेन्सिली लावून. रांग कंपाउंडच्या बाहेर गेली होती. सगळ्यात पुढं तांड्यावरची एक म्हातारी होती. हापशाचा दांडा तिच्या हातून खाली जाईना, म्हणून ती त्याला लोंबकळत होती. मी जवळ गेलो, घसा खाकरला. ती म्हणाली, "आलास का? दाब की मग, उभा कामून हायस?" मी दाबला. तिची घागर भरली. मागची म्हणाली, "आता माझी." मी तिचीही भरली. तिच्यामागं माझीच माय होती. तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्या शर्टाकडं बघून म्हणाली, "इस्तरी करून पानी भराया आलास व्हय?" दहा वाजेपर्यंत मी हापसत होतो. वाक्यं सगळी जागच्या जागी राहिली. फादर आपल्या खोलीच्या व्हरांड्यातून बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी उदगीरला निरोप गेला, फळ्या नकोत. तो मीच लिहिला, आणि अक्षर इतकं वाईट आलं की पोस्टमननं विचारलं, "आजारी हायस का?"

मास्तरांना पत्र लिहायची हिंमत झाली नाही. ते आपणच आले, लग्नाच्या दोन आठवडे आधी. एस्टीतून उतरले ते थेट चर्चच्या दारात. आत गेले. भिंती, कमानी, पूर्वेचा अर्धगोल, आणि वर लख्ख निळं आभाळ. ढगाचा एक ठिपका नाही. ते किती तरी वेळ वर बघत राहिले. मला वाटलं टोपी पडेल.

"हे खरं चर्च?" ते म्हणाले.

बाबा पुढं झाले. "मास्तर, भिंतीला नाव ठेवा, मी पुन्हा बांधतो. छताचं पानी बाया पिऊन ऱ्हायल्यात."

मास्तर बाहेर आले, हापशाकडं बघितलं. रांगेत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. कुणीतरी तांब्या पुढं केला, ते पाणी प्यायले. तोंड पुसून म्हणाले, "मला समजतंय सगळं. पर माझी पोरगी उघड्यावर उभी ऱ्हानार न्हाई. लोकं आधी पत्र्याला हसले, आता म्हणतील ह्यांच्या देवाला तेवढा पत्रा बी राहिला न्हाई. काय बी करा, वर झाका. न्हाईतर ती नांदेडला जाईल." एवढं बोलून पुढच्याच एस्टीनं ते परत गेले. जेवले नाहीत. मायनं केलेल्या शेंगांच्या पोळ्या आम्ही तीन दिवस खाल्ल्या.

गावातल्या आडतीच्या शेटजींकडं ताडपत्र्या पडून होत्या. माल झाकायच्या, त्या वर्षी झाकायला मालच नव्हता. बाबांनी विचारलं, शेटजी म्हणाले, "मिस्त्री, न्या की. दुकानात उंदरांशिवाय कोण हाय त्यांच्याखाली?" बाबांनी सहा ताडपत्र्या सुतळीनं शिवल्या, भिंतीवरच्या सळयांना बांधल्या. लांबून छत दिसायचं. जवळून शेटजींच्या दुकानाचं नाव दिसायचं, तेही वेदीच्या बरोबर डोक्यावर.

लग्न सकाळी दहाला. मास्तर आले, वर बघितलं, ओठ आवळले, पण आत बसले. ताडपत्रीखाली भट्टी झाली होती. फादरांच्या झग्यातून घाम गळत होता. मार्था माझ्या शेजारी उभी, डोक्यावर पांढरी ओढणी, मान खाली. मी "होय" म्हणालो. फादर तिच्याकडं वळले आणि नेमकी तेव्हाच पश्चिमेच्या दारातून वावटळ आत शिरली. ताडपत्री एकदा फुगली, दोनदा फुगली, आणि बाबांच्या सुतळीनं एका दमात हार मानली. सगळं छत उडून हापशाच्या बाजूला पडलं. रांगेतल्या बाया किंचाळल्या, मग हसल्या. आत ऊन, धूळ, आणि मास्तरांचा चेहरा. आता ते उठणार, पोरीचा हात धरणार, आणि तीन वर्षं नांदेड. मास्तर उठलेसुद्धा. पण मार्था तोंडातली धूळ पुसत फादरांना म्हणाली, "होय. म्हणलं मी. लिहून घ्या." मास्तर खाली बसले.

संध्याकाळी घराच्या ओट्यावर आम्ही पहिल्यांदा एकटे बसलो होतो. माझ्या मनातली खदखद बाहेर पडायला जागाच शोधत होती, आणि मला वाटलं, ही बायको आहे, हिला नाही सांगायचं तर कुणाला. मी पहिल्यापासून सांगितलं. फक्की, दिशा, रोमची कचेरी, तारू, सोळाशे वर्षांची चूक, लातूरला गेलेले गवंडी, बाबांची कंबर. शेवटी म्हणालो, की ती एक आखणी बरोबर झाली असती ना, तर नाताळातच स्लॅब पडली असती, पौषात पाणी होतं, आणि आज तुझ्या डोक्यावर छत असतं. नाहीतर फादरांनी फाल्गुनात तरी ते माझ्यावर न ढकलता ऐकायला पाहिजे होतं. तीन आठवडे पाणी, दुसरं मी मागत काय होतो?

तिनं सगळं ऐकून घेतलं. पदरानं मानेवरची धूळ झाडली. मग उठून आत गेली, मायनं दाखवलेली रिकामी घागर बाहेर आणून दारात ठेवली आणि म्हणाली,

"आन् फाल्गुनात तुमचं ऐकलं असतं, तर आज आंघोळीला पानी तुम्ही मला कुठून दिलं असतं?"